समाधानाची शिदोरी

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा मंडळींनी आग्रह धरला. माझं शिक्षण चौथी. कागदपत्रांचा इतिहास मला येत नाही. पण ज्यांच्या पालखीमागं आपण चालतो त्या निवृत्तिनाथ महाराजांपासून आपल्यापर्यंत एक गोष्ट हातोहात चालत आली आहे, ती सांगतो.

संन्याशाची पोरं म्हणून या चार भावंडांना आळंदीत वाळीत टाकलं. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं. पोरं माधुकरी मागून जगली, शुद्धिपत्रासाठी पायी पैठणला गेली. निवृत्तिनाथ त्यांत थोरले, सगळा भार त्यांच्यावर. त्यांच्याजवळ होतं काय? घर नाही, वतन नाही, गावात मान नाही. धन एकच, ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी दिलेला उपदेश. माणसाजवळ एकच वस्तू असली की तो ती मुठीत घट्ट धरतो. निवृत्तिनाथांनी ती धाकट्या भावाला देऊन टाकली.

त्यातूनच शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. ज्ञानोबारायांनी तिचं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही, ठिकठिकाणी थोरल्या भावाच्या पायाशी ठेवलं. ग्रंथ पुरा झाल्यावर पसायदान मागितलं, तेही सगळ्या जगासाठी. ज्यांनी छळलं त्यांच्याविषयी तक्रारीचा एक शब्द त्यात नाही.

पुढं शके १२१८ च्या कार्तिकात ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. मार्गशीर्षात सोपानकाका सासवडला गेले. वैशाखात मुक्ताबाई तापीकाठी गेल्या. तिन्ही धाकटी गेली, थोरला मागं राहिला. हे दुःख ज्याच्या घरात घडलं त्यालाच कळतं. निवृत्तिनाथ त्र्यंबकला आले. जिथं गुरूंनी ओंजळ भरली, तिथंच ज्येष्ठात ते समाधिस्थ झाले. घेतलेलं सगळं देऊन मोकळा झालेला माणूस तो. त्यालाच मी समाधान म्हणतो.

त्याच समाधीपासून आपली पालखी निघते. सातपूर, नाशिक, पळसे, मग सिन्नर तालुका, दातलीचं रिंगण, पुढं नगर जिल्हा, करमाळा, पंढरपूर. जुन्या वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी असायची. त्यात तांब्या, घोंगडी, एक जादा धोतर आणि चार दिवसांचं पीठ. बाकी भरवसा वाटेवरच्या माणसांवर.

१९७२ च्या दुष्काळात माझी शाळा सुटली आणि मी खडी फोडायला लागलो. १९७३ ला आबांबरोबर, म्हणजे माझ्या आजोबांबरोबर, पहिली वारी केली. वय अकरा. एका मुक्कामाला एक म्हातारी पदराखाली झाकून अडीच भाकरी घेऊन आली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी, वर तिखट. आम्ही पंधराजण. आबांनी तुकडे केले, माझ्या वाट्याला दोन घास आले. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आबा, एवढ्यानं काय होतंय?"

आबांनी आपला तुकडा आधी कपाळाला लावला. म्हणाले, "बाळा, आपल्याला किती आलं ते मोजू नको. तिच्या टोपल्यात किती उरल्या असतील ते मोज."

मी गप झालो. पहाटे निघायच्या आधी आबांनी मला त्या माउलीचं अंगण झाडायला लावलं. बावन्न वर्षं झाली, त्या दोन घासांची चव गेली नाही.

आज आपल्या दिंडीत ट्रक आहे, मंडप आहे, गॅस आहे, टँकर येतो. त्याला माझी ना नाही. म्हाताऱ्या पायांना सावली पाहिजेच. पण अलीकडं पंगतीत वाढप उशिरा आलं की तोंडं वाकडी होतात, अन्नदानाच्या फलकावर नाव खाली आलं म्हणून रुसवे होतात. दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. एका साली कांद्याचा भाव पडला, काढणीचा खर्चसुद्धा निघाला नाही. त्या वारीत रात्री कीर्तनात समाधानावर बोललो, आणि दिवसा चालताना मनात नुसता आकड्यांचा हिशोब. पाय वारीत, मन बाजारात. शेवटी एका पोरानं वाटेत पाण्याचा तांब्या पुढं केला, तेव्हा आबांचं बोलणं आठवलं.

कुणी म्हणेल, मग शेतकऱ्यानं भाव मागायचाच नाही का? मागायचा. घामाचं मोल हक्कानं मागायचं. समाधान म्हणजे अन्याय सोसणं नव्हे. पण कुणी प्रेमानं दिलं, ते हिशोबाच्या वहीत धरायचं नाही.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. ज्यानं लाह्या आणल्या त्याच्या लाह्या, ज्यानं दही आणलं त्याचं दही, आणि ज्यानं काही आणलं नाही त्याच्याही हातावर प्रसाद. आपल्या दिंडीची शंभर वर्षं म्हणजे असाच काला आहे. आधीच्यांनी आणलं, आपण खाल्लं.

पुढच्या शंभर वर्षांच्या पोरांसाठी माझी एकच विनंती. यंदाच्या वारीत ज्याच्या दारी जेवाल त्याचं अंगण झाडून निघा.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!