वकील, रुस्तुम जाल
(१७ जुलै १९११–२० नोव्हेंबर १९७४). भारतीय हृद्रोगतज्ज्ञ व वैद्यकाचे अध्यापक. सर्पगंधा (अडकई) या वनस्पतीच्या मुळाचा अतिरिक्त रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवरील पद्धतशीर निरीक्षणांच्या आधारे जागतिक वैद्यकापुढे मांडल्याबद्दल प्रसिद्ध. त्यांचा जन्म मुंबई येथे एका पारशी कुटुंबात झाला. लंडन येथे उच्च वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व पुढे तेथील किंग एडवर्ड मेमोरियल (के. ई. एम.) रुग्णालयात त्यांनी काम केले.

त्या काळी अतिरिक्त रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते. शामके, मिठाविना आहार किंवा अनुकंपी तंत्रिका कापण्याची मोठी शस्त्रक्रिया एवढेच उपाय वैद्यांच्या हाती होते. सर्पगंधेचे मूळ सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर भारतात पूर्वापार वापरात होते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ते रक्तदाब उतरवते असे नमूद केले आणि त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकी व त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीत मुळातील अल्कलॉइडे वेगळी केली. तथापि हे लेखन बहुतांशी भारतीय नियतकालिकांतच राहिले व परदेशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

वकील यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी परंपरेचा दाखला पुरेसा मानला नाही आणि केवळ परंपरागत म्हणून तो डावललाही नाही. अनेक वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर सुमारे ८५ टक्के रुग्णांत आकुंचनकालीन, तर सुमारे ८१ टक्के रुग्णांत प्रसरणकालीन रक्तदाब उतरलेला आढळला. हा निबंध वाचून बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी स्वतः चाचण्या घेतल्या व निष्कर्षांस दुजोरा दिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळातून रेसर्पीन हे अल्कलॉइड मिळविले. ते अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनाचा साठा रिता करते. त्यामुळे रक्तवाहिन्या शिथिल होतात व नाडी मंदावते.

या औषधाचे दोषही लवकरच लक्षात आले. नाक चोंदणे, सुस्ती व विशेषतः जास्त मात्रेत मनाची खिन्नता यांमुळे ते जपून वापरावे लागे. तरीही १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीने, तीव्र अतिरिक्त रक्तदाब उतरविल्यास गंभीर उपद्रव टळतात, हे प्रथमच निर्विवाद सिद्ध केले. तीत दिलेल्या तीन औषधांपैकी रेसर्पीन हे एक होते. पुढे अधिक सुसह्य औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. मागणीपायी रानातून बेसुमार उपटली गेलेली ही वनस्पती मात्र दुर्मिळ झाली व तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले.

हृद्‌रोहिणीच्या विकारात हृदयविकाराचा झटका येण्यापूर्वी दिसणाऱ्या लक्षणसमूहाचाही वकील यांनी अभ्यास केला. असे रुग्ण वेळीच ओळखून उपचार केल्यास झटका टाळता येईल काय, हा या अभ्यासामागील प्रश्न होता.

त्यांचे अध्यापनकार्य रुग्णालयापुरते सीमित नव्हते. अस्पी गोलवाला यांच्या सहकार्याने लिहिलेला रोगलक्षणे व शारीरिक तपासणी यांवरील त्यांचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. यंत्राकडे वळण्यापूर्वी रुग्णाचे ऐकावे, त्याला पहावे व तपासावे, ही शिस्त त्यामुळे रुजण्यास मदत झाली. भारतीय वैद्यांच्या संघटनेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकाच्या पाठ्यग्रंथाचे ते संपादक होते. परदेशी ग्रंथांवर विसंबणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास आपल्याकडील रोगांचे विवेचन आपल्याच अध्यापकांकडून मिळावे, ही गरज या ग्रंथाने भागविली. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी लेखन केले.

लास्कर पारितोषिक (१९५७), पद्मभूषण (१९५८), शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक (१९६५) व डॉ. बि. चं. रॉय पारितोषिक (१९६९) हे सन्मान त्यांना मिळाले.