पुण्याची मसलत आणि बंगळूरची पेठ

बंगळूर शहरातील चिकपेट हा भाग आज रेशमी साड्या, जरीकाम आणि सोन्याचांदीचा व्यापार यांसाठी सर्वांना ठाऊक आहे. कानडी भाषेत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘दोड्ड’ म्हणजे थोरला. पहिल्या केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास हे गाव वसविले, तेव्हा धाकटी आणि थोरली अशा दोन पेठा एकमेकींना छेदून जातील अशी आखणी त्याने केली. त्यांच्या आसपास तांदळाची अक्किपेट, कापसाची अरळेपेट, बांगड्यांची बळेपेट अशा पेठा वाढत गेल्या. मराठी माणसाला हे ठिकाण परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यांचा गौरीमहाल याच पेठेच्या परिसरात होता, असे परंपरा सांगते. पुढे सुमारे अर्धशतकपर्यंत, म्हणजे १६८७ पर्यंत, हे गाव भोसल्यांकडे राहिले.

परंतु आजचा विषय शहाजीराजांच्या काळाचा नाही. त्यानंतर शंभर वर्षांनी या पेठेच्या वेशीवर एक लढाई झाली. त्या लढाईत मराठ्यांचे दोस्त होते, मराठ्यांचा शत्रू होता. मराठे मात्र नव्हते. ते तेथे का नव्हते, आणि असावयास हवे होते काय, या प्रश्नाचा शोध घेऊ लागले म्हणजे आपण बंगळूरहून थेट पुण्याच्या दरबारात जाऊन पोहोचतो. युद्धात गुंतलेल्या परकीय दोस्ताला फौजेची मदत द्यावी की न द्यावी, दिली तर किती द्यावी, हा वाद कोणत्याही काळातील राज्यकर्त्यांना चुकलेला नाही. १७९० साली तो पुण्यास कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १७८९ च्या डिसेंबरअखेर टिपू सुलतानाने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. त्रावणकोरचा राजा इंग्रजांचा दोस्त. त्यामुळे गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस याने टिपूविरुद्ध युद्धाची तयारी आरंभली आणि पेशवे व निजाम यांच्याकडे मदत मागितली. पुण्यास चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ पासून ठाण मांडून होताच. सवाई माधवराव पेशवे त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे होते. कारभाराची सर्व सूत्रे नाना फडणिसांच्या हाती होती. टिपूचे वकीलही पुण्यातच होते. एका शहरात दोन्ही पक्षांचे वकील बसून एकाच माणसाचे मन वळवीत होते, असा तो देखावा होता.

इंग्रजांना मदत करावी, या पक्षाचे म्हणणे पोकळ नव्हते. १७८५ मध्ये टिपूने नरगुंद घेतले आणि तेथील भावे घराण्याची जी दुर्दशा केली, तिची जखम ताजी होती. पटवर्धनांशी त्या घराण्याची सोयरीक असल्यामुळे मिरज-तासगावकडे तर तो घरचाच घाव मानला जात होता. त्यानंतर दोन वर्षे युद्ध होऊन १७८७ मध्ये गजेंद्रगडचा तह झाला. पण त्या तहाने कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधील मुलुखाचा प्रश्न मिटला नाही. आता इंग्रज स्वतः होऊन टिपूवर चालून जात असता, गेलेला मुलूख परत मिळविण्याची संधी दवडणे म्हणजे दारी आलेली गंगा परत पाठविण्यासारखे होते.

विरुद्ध पक्षही तितकाच सबळ होता. केवळ दहा वर्षांपूर्वी, १७८० मध्ये, याच नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र करून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली होती. वडगावचा प्रसंग, साष्टीचे नुकसान आणि १७८२ चा सालबाईचा तह ज्यांनी पाहिला होता, ते लोक अजून कारभारात वावरत होते. इंग्रज हा समुद्रावरून येणारा शत्रू. त्याचा मुलूख घेतला तरी त्याचे घर सुरक्षित राहते. टिपू हा शेजारी. तो कितीही उपद्रवी असला तरी इंग्रज आणि पुणे यांच्यामध्ये त्याचे राज्य हा एक बांध होता. तो बांध आपल्याच हातांनी फोडावा काय? उत्तरेत गुंतलेल्या महादजी शिंद्यांचे धोरण याहून निराळे होते. या युद्धात सामील होण्यास त्यांनी नकार दिला नाही. पण आपल्या गैरहजेरीत आपल्या हिंदुस्थानातील मुलखाचे रक्षण इंग्रजांनी करावे आणि आपल्यालाही इंग्रजी पलटणी द्याव्यात, अशा अटी त्यांनी घातल्या. इंग्रजांनी त्या मान्य केल्या नाहीत.

नानांनी या दोन टोकांच्या मधला मार्ग धरला. १ जून १७९० रोजी पुण्यास तह झाला. पुढच्याच महिन्यात निजामानेही तसाच तह केला. पेशवे आणि निजाम यांनी प्रत्येकी निदान पंचवीस हजारांची फौज घेऊन टिपूच्या मुलखात शिरावे. गव्हर्नर-जनरलला गरज पडल्यास दहा हजार स्वार एका महिन्याच्या आत त्याच्याकडे पाठवावेत, त्यांचा खर्च कंपनीने सोसावा. आणि जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यावा, अशी त्यातील मुख्य कलमे होती. मराठी फौजेबरोबर कॅप्टन लिटल याच्या हाताखाली मुंबईच्या दोन पलटणी देण्यात आल्या. टिपू नमला पाहिजे, पण बुडता कामा नये, हे नानांच्या मसलतीचे सूत्र होते.

सूत्र ऐकावयास सुटसुटीत आहे. पण दोस्ताला विजय मिळवून द्यावयाचा आणि तो किती मिळावा याचे मापही आपण ठरवावयाचे, हे रणांगणावर साधावे कसे?

परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन निघाले ते धारवाडला जाऊन थांबले. टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान याने तो किल्ला सहा महिन्यांहून अधिक काळ लढविला. लिटलबरोबर असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने या वेढ्याचे जे वर्णन करून ठेवले आहे, ते वाचून आजही हसू येते आणि खेदही होतो. तोफ एकदा भरली की गोलंदाज गप्पा मारीत, गुडगुडी ओढीत बसत. मग केव्हातरी ती उडविली जाई, धुरळा उडाला की सर्वांना समाधान वाटे, आणि पुन्हा गप्पा सुरू होत. इंग्रजांना यात लबाडी दिसली. काही इतिहासकारांना यात नानांचे सावध धोरण दिसते. परंतु तिसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक साधे आहे. भाऊंना धारवाड हवे होते. कृष्णा-तुंगभद्रेचा दुआब हे मराठ्यांचे उद्दिष्ट होते; बंगळूर आणि श्रीरंगपट्टण ही इंग्रजांची उद्दिष्टे होती. दोस्त एकाच शत्रूशी लढत असले तरी ते एकच युद्ध लढत असतात असे नाही.

त्यामुळे ७ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसने बंगळूरच्या पेठेवर हल्ला केला, तेव्हा परशुरामभाऊ दूर धारवाडच्या खंदकापाशी होते. पेठेभोवती तट, कोरडा खंदक आणि काटेरी झाडांचे दाट कुंपण होते. हलसूर वेशीवर मोठी झुंज झाली. तीत इंग्रजांचा तोफखान्याचा अधिकारी कर्नल मूरहाउस पडला. वेस फुटली आणि लढाई पेठेच्या गल्ल्यांत शिरली. टिपूने पेठ परत घेण्यासाठी पाठविलेल्या फौजेलाही तेथून हटावे लागले. पेठ हाती आल्यावर इंग्रजांना दाणावैरण मिळाली, शिपायांना लूट मिळाली. विणकरांना, सराफांना, दाणेवाल्यांना काय मिळाले, याची नोंद कोणत्याच दरबाराच्या कागदांत ठळकपणे येत नाही. चौदा दिवसांनी, २१ मार्चच्या रात्री, किल्लाही पडला. त्याचा वृद्ध किल्लेदार बहादूरखान लढता लढता ठार झाला. त्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा आजही पेठेच्या दक्षिणेस उभा आहे.

बंगळूर एकट्याने घेतल्यामुळे कॉर्नवॉलिसचा आत्मविश्वास वाढला. मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला आणि १५ मे रोजी अरिकेरे येथे त्याने टिपूचा पराभवही केला. पण पावसाळा तोंडावर आला होता, सैन्यात रोगराई होती, बैल मरत होते आणि धान्य संपले होते. किल्ले फोडण्याच्या जड तोफा आपल्याच हातांनी नासवून त्याला माघार घ्यावी लागली. त्या माघारीच्या वाटेवर, मेलकोट्याच्या परिसरात, अचानक घोडेस्वारांच्या झुंडी दिसू लागल्या. हे टिपूचेच स्वार असे समजून इंग्रज सैन्य लढण्यास सज्ज झाले. पण ते मराठे होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा येऊन पोहोचल्या होत्या. टिपूच्या टेहळ्यांनी मधले जासूद अडविल्यामुळे इंग्रजांना त्यांचा पत्ताच नव्हता.

उपाशी इंग्रज सैन्याला मराठी छावणीच्या बाजाराने तारले. त्या बाजारात धान्य होते, गुरेमेंढ्या होत्या, विलायती बनात होती, काश्मिरी शाली होत्या, हिरे होते, आणि लुटलेल्या खेड्यातील एखाद्या गरीब मुलीच्या कानांतील चांदीची बाळीही होती, असे एका इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे. भाव अर्थातच चढे होते. पुढे हरिपंतांनी खर्चासाठी कर्ज मागितले, तेव्हा चीनकडे जाणाऱ्या जहाजांवरील रुपे मद्रासला उतरवून कॉर्नवॉलिसने बारा लाख रुपयांची सोय केली. मदत कोण कोणाला करीत होते, असा प्रश्न येथे पडल्यावाचून राहत नाही. खरे पाहता दोघेही एकमेकांना बांधून घेत होते.

ती चांदीची बाळी सहजासहजी विसरता येत नाही. त्याच साली पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने शंकराचार्यांना लिहिलेली कानडी पत्रे १९१६ मध्ये प्रकाशात आली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. हिंदूंच्या राज्याची फौज शृंगेरी लुटते आणि टिपू तेथे द्रव्य पाठवितो! नरगुंदची आठवण ठेवणाऱ्याने शृंगेरीचीही ठेवली पाहिजे. मदतीला पाठविलेली फौज कोणाच्या अंगणातून जाते, हा प्रश्न मसलतीच्या वेळी कोणी विचारला होता, असे दिसत नाही.

१७९२ च्या फेब्रुवारीत श्रीरंगपट्टणाला वेढा पडला आणि टिपू तहाला तयार झाला. येथे मात्र नानांच्या सूत्राचा उपयोग दिसून आला. हरिपंत छावणीत होते, त्यांच्यामागे फौज होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होते. टिपूचे राज्य अजिबात बुडू नये, अशा बाजूने त्यांनी ते वापरले. १८ मार्च १७९२ च्या तहाने टिपूचा अर्धा मुलूख गेला, त्याच्यावर तीन कोटी तीस लाखांचा दंड बसला आणि त्याचे दोन मुलगे ओलीस गेले. पण राज्य टिकले. मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा, सुमारे एकोणचाळीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मिळाला. इंग्रजांनाही उत्पन्नाने तितकाच मिळाला. मात्र त्यांनी घेतलेल्या मुलखात मलबारचा किनारा, कुर्ग आणि बारामहाल होते. म्हैसूरच्या पठारावर चढण्याच्या वाटा त्यांच्या हाती गेल्या. वाटणी रुपयांत सारखी होती, नकाशावर सारखी नव्हती.

सात वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न पुण्यास आला. हरिपंत आणि महादजी १७९४ मध्येच वारले होते. पेशवा होता दुसरा बाजीराव. १७९९ च्या युद्धात त्याने इंग्रजांना होकार दिला, पण फौज पाठविली नाही. टिपूच्या वकिलांना ठेवून घेतले, पण टिपूलाही मदत केली नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला, आणि राज्याची वाटणी इंग्रजांनी आपल्या मनाप्रमाणे केली. त्या वेळी छावणीत मराठ्यांचा हरिपंत नव्हता. पेशव्याला देऊ केलेला तुकडा अटींसकट आला आणि बाजीरावाने तो नाकारला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने याच बाजीरावाने इंग्रजांची फौज कायमची आपल्या राज्यात घेतली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख लिहून दिला. १७९० मध्ये इंग्रजी पलटणी मराठी फौजेत पाहुण्या म्हणून आल्या होत्या. बारा वर्षांनी त्या घराच्या राखणदार झाल्या.

मग नानांनी १७९० मध्ये मदत दिली, हे चुकले काय? मदत दिली नसती तरी इंग्रज युद्ध करणारच होते, आणि तह कदाचित १७९९ सारखाच झाला असता. मदत दिल्यामुळे निदान तहाच्या बैठकीत बसण्याचा अधिकार मिळाला, आणि बांध अर्धा का होईना, सात वर्षे टिकला. पण त्या सात वर्षांत बांध पुन्हा उभारण्यासाठी काहीच झाले नाही. दोस्ताचा विजय आपल्याला हवा तेवढाच व्हावा, ही इच्छा धरणे कठीण नाही. तो तेवढ्यावर थांबविण्याइतके बळ दुसऱ्या दिवशीही आपल्याजवळ असावे लागते. नानांनी ते बळ एकदा वापरले, आणि त्यांच्यानंतर ते वापरणारा कोणी उरला नाही. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले, त्याच्या आधीच पुण्याच्या मसलतीचा दरारा संपला होता.