आभा खात्याची किल्ली कुणाच्या फोनमध्ये? ओटीपी, पासवर्ड आणि सिमच्या कुलपाची सविस्तर माहिती

नेमावर (जि. देवास) : नर्मदेच्या उत्तर काठावर नेमावर आणि समोरच्या काठावर हंडिया. मध्ये फक्त पूल, पण पूल ओलांडला की देवास जिल्हा संपून हरदा जिल्हा लागतो. आजारपण मात्र जिल्ह्याची हद्द बघत नाही. साध्या तापाला खातेगाव, जरा मोठे काही असेल तर हरदा आणि ऑपरेशनची गोष्ट निघाली की थेट इंदूर. पवारांच्या आणि होळकरांच्या काळापासून देवास, धार, इंदूर भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांचे तर नातेवाईक नागपूर-पुण्यापर्यंत पसरलेले. त्यामुळे रुग्णाची फाईलही राज्याची सीमा ओलांडत फिरते.

ही फाईल आता मोबाइलवर येऊ लागली आहे. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना ‘आभा’ क्रमांक विचारला जातो आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘ओटीपी आला का?’ समजा वडील इंदूरच्या दवाखान्यात रांगेत उभे आहेत आणि ओटीपी गेला पीथमपूरच्या कारखान्यात पाळीवर असलेल्या मुलाच्या फोनवर. मुलगा फोन उचलत नाही तोवर वडिलांचे काम अडले. पण तो ओटीपी मुलाऐवजी अनोळखी माणसाच्या फोनवर गेला तर? मग काम अडण्यावर भागत नाही, वडिलांचे रिपोर्ट त्याला उघडे होतात. म्हणून आभा असणाऱ्या प्रत्येक घराने एकदा तपासावे, आपल्या खात्याचा ओटीपी नेमका कुणाकडे जातो?

आभा म्हणजे काय, काय नाही

आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट म्हणजे आभा. हा १४ अंकी क्रमांक असतो. त्यासोबत ई-मेलसारखा दिसणारा एक आभा पत्ताही मिळतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर प्रारंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ते चालवते. सुरुवातीला याच क्रमांकाला ‘हेल्थ आयडी’ म्हणत.

पुष्कळ लोक आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एकच समजतात. तसे नाही. आयुष्मान कार्ड हे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे. त्यावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि योजनेत असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयातही ते चालते. आभावर पैसे मिळत नाहीत. रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्जचे कागद एका ठिकाणी जोडून ठेवणे, एवढेच त्याचे काम.

हे कागद सरकारच्या एकाच मोठ्या कपाटात ठेवलेले नसतात. ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये ते तयार झाले तिथेच राहतात. रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला ते दिसतात. म्हणजे सगळा व्यवहार रुग्णाच्या संमतीवर चालतो. पण ही संमती देतो तो खात्यात लॉगिन झालेला माणूस. तो रुग्णच आहे की दुसरा कुणी, हे यंत्राला फक्त ओटीपीवरून किंवा पासवर्डवरून कळते.

आभा काढणे ऐच्छिक आहे. नको असेल तर खाते बंद करण्याची, पूर्ण काढून टाकण्याचीही सोय आहे.

ओटीपी म्हणजे दोन कुलपे नव्हेत

संगणकाच्या भाषेत ओळख पटवण्याचे तीन प्रकार आहेत. माणसाला माहीत असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. त्याच्याजवळ असलेली गोष्ट, म्हणजे मोबाइल किंवा कार्ड. आणि तो स्वतः, म्हणजे अंगठा, चेहरा, डोळा. यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारांची खात्री झाली तरच तिला दुहेरी पडताळणी म्हणतात.

बँकेचे उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. एटीएममध्ये कार्ड लागते आणि पिनही लागतो. नुसते कार्ड चोरून पैसे निघत नाहीत. कार्डाने ऑनलाइन खरेदी करतानाही रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची केली.

आभामध्ये मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने शिरता येते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवूनही शिरता येते. आभा पत्त्याला पासवर्ड ठेवण्याची सोय आहे, पण पासवर्ड ठेवला म्हणून ओटीपीचा रस्ता बंद होत नाही. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी ही दोन कुलपे वाटतात, पण क्रमांक सगळ्या गावाला माहीत असतो. उरला तो एकटा ओटीपी. फोन ज्याच्या हातात, खाते त्याच्या हातात, असा सरळ हिशेब आहे. त्यामुळे दुसरे कुलूप फोनला आणि सिमला आपणच लावायचे असते.

गडबड खाते काढतानाच होते

मध्य प्रदेशात एमपी ऑनलाइनचे कियोस्क, महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्र, कर्नाटकात ग्राम वन. नाव काही असो, गावातली बहुतेक ऑनलाइन कामे अशाच काउंटरवर होतात. आधारवरून आभा काढताना पहिला ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. त्यानंतर संपर्कासाठीचा मोबाइल क्रमांक विचारला जातो. तो आधारच्या क्रमांकापेक्षा वेगळा असेल तर त्यावर आणखी एक ओटीपी येतो.

इथेच लक्ष ठेवावे. आजीचा साधा फोन घरी राहिला, नातवाचा क्रमांक पाठ नाही, मागे रांग वाढते आहे. अशा वेळी काउंटरवरचा माणूस मदत म्हणून स्वतःचा क्रमांक टाकू शकतो, शेजारीही आपला देऊ शकतो. हेतू चांगला असला तरी आजीच्या खात्याची किल्ली त्या फोनमध्ये जाऊन बसते. पुढे दुकान बंद झाले, माणूस गाव सोडून गेला, तरी ओटीपी तिकडेच जात राहतो.

दुसरी गडबड बंद पडलेल्या सिमची. रिचार्ज केले नाही, वापर थांबला की कंपनी क्रमांक बंद करते. असा क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. म्हणजे ९० दिवसांनंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. कामासाठी राज्य बदलणाऱ्या आणि तिकडे नवे सिम घेणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. जुने सिम सोडण्याआधी आधार, आभा आणि बँक या तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवून घ्यावा.

दुसरे कुलूप असे लावा

१. आधारला कोणता क्रमांक जोडला आहे ते तपासा. ‘माय आधार’ संकेतस्थळावर क्रमांकाचे शेवटचे तीन अंक दिसतात. क्रमांक बदलायचा असेल तर आधार केंद्रावर जावे. त्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०२१ पासून पोस्टमनमार्फत घरी येऊन क्रमांक बदलण्याची सोयही सुरू केली आहे.

२. आभामधला संपर्क क्रमांक तपासा. आधार ओटीपीने लॉगिन करून प्रोफाइलमध्ये तो बदलता येतो. संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो की नाही हे आधी पाहावे.

३. फोनला पिन किंवा अंगठ्याचे लॉक लावा. १२३४ किंवा जन्माचे साल नको.

४. लॉक असलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणे बंद करा. पुष्कळ फोनवर लॉक न उघडताच ओटीपी वाचता येतो, मग लॉक लावून उपयोग काय? सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन’मध्ये जाऊन मजकूर लपवता येतो.

५. सिमलाही पिन लावा. तो नसेल तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी घेतो. फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सिम लॉकची सोय असते. तीनदा चुकीचा पिन टाकला की पीयूके क्रमांक लागतो, तो सिम कंपनीकडून मिळतो. पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचे निकामी होते, म्हणून अंदाजाने आकडे टाकू नयेत.

६. ई-मेलला दुहेरी पडताळणी चालू करा. खासगी लॅब आपले रिपोर्ट ई-मेलवरही पाठवतात. गुगलच्या खात्यात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू केले की पासवर्डसोबत दुसरी खूणही लागते. शक्य असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्यावे. त्यातला आकडा फोनमध्येच तयार होतो आणि सतत बदलतो, त्याला सिमची गरज पडत नाही.

७. महिन्यातून एकदा आभा अ‍ॅपमधल्या संमतीच्या नोंदी पाहा. कोणी रिपोर्ट मागितले, कोणाला परवानगी दिली, ते तिथे दिसते. नको ती परवानगी मागे घेता येते.

फोन हरवला किंवा सिम बदलले तर

सगळ्यात आधी सिम कंपनीला कळवून सिम बंद करावे. मग ‘संचार साथी’ संकेतस्थळावर फोन ब्लॉक करण्याचा अर्ज करावा. त्यासाठी पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत लागते. याच ठिकाणी आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही पाहता येते आणि अनोळखी सिमची तक्रार करता येते.

डुप्लिकेट सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. कुणी बनावट कागद दाखवून आपल्या नावाचे सिम काढले तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, यासाठी दूरसंचार विभागाचा हा नियम आहे. पण खऱ्या ग्राहकालाही या काळात ओटीपी येत नाही. दुसऱ्याच दिवशी इंदूर किंवा नागपूरला तपासणी ठरली असेल तर जुने कागद आणि ओळखपत्र पिशवीत असू द्यावे. आभा ऐच्छिक असल्याने केसपेपर त्याशिवायही निघतो.

फोनवर ओटीपी मागितला तर

‘तुमचे आयुष्मान कार्ड बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा’, ‘केवायसी बाकी आहे, ही फाईल उघडा’, असे फोन आणि मेसेज येतात. दवाखान्याच्या काउंटरवर स्वतः उभे असताना ओटीपी सांगणे वेगळे आणि घरी बसलेल्या माणसाने अनोळखी फोनवर सांगणे वेगळे. पहिल्यात काम आपण सुरू केलेले असते, दुसऱ्यात समोरच्याने. आपण मागवला नसेल तो ओटीपी कुणालाच सांगू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल तर उघडूच नये. अशा फाईलमधून बसलेले अ‍ॅप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की ओटीपी सांगावाही लागत नाही, परस्पर निघून जातो. मग वर सांगितलेली सगळी कुलपे असूनही चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली.

‘माझ्या रिपोर्टमध्ये असे काय आहे?’ असे विचारणारेही भेटतात. गरोदरपण, क्षयरोग, मानसिक आजार, एचआयव्ही, यातले काहीही बाहेर फुटले तर लग्नापासून नोकरीपर्यंत सगळ्यावर परिणाम होतो. एचआयव्ही प्रतिबंध कायदा आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधल्या या दोन्ही कायद्यांनी रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे. बँकेतून गेलेले पैसे कधी तरी परत मिळू शकतात. फुटलेली बातमी परत घेता येत नाही.

दवाखान्याच्या बाजूचे कुलूप

रुग्णाने कितीही काळजी घेतली तरी दुसरी बाजू दवाखान्याची आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. त्यात पाच सर्व्हर बाधित झाले आणि ओपीडीचे काम कित्येक दिवस हाताने, कागदावर करावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीत चोर शिरले ते चोरलेल्या लॉगिनने. ज्या दारातून ते आत आले त्याला दुहेरी पडताळणी नव्हती, असे मूळ कंपनीच्या प्रमुखांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितले. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्यात अडकली. एवढ्या मोठ्या कंपनीला एका दाराचा विसर महागात पडला. आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत एकच पासवर्ड सगळा स्टाफ वापरत असेल आणि तो संगणकावर चिकटवलेला असेल, तर तोही तसलाच दरवाजा.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना अमेरिकेत मायचार्ट, ब्रिटनमध्ये एनएचएस अ‍ॅप ओळखीचे आहेत. दोन्हींत घरच्या माणसासाठी अधिकृत प्रवेश घेण्याची सोय आहे, त्यामुळे आई-वडिलांचा पासवर्ड मागण्याची वेळ येत नाही. इकडे आई-वडिलांच्या आभाला मुलाचा क्रमांक द्यायचा असेल, तर तो घरात ठरवून द्यावा आणि कोणाच्या खात्याला कोणाचा क्रमांक आहे हे डायरीत लिहून ठेवावे. पासवर्ड आणि पिन मात्र त्या डायरीत नको.

हे क्रमांक जवळ ठेवा

आभा व डिजिटल मिशन : १४४७७ किंवा १८००-११-४४७७
आयुष्मान कार्ड : १४५५५
आधार : १९४७
सायबर फसवणूक : १९३०

पैसे गेले असतील तर १९३० वर तासाभरात फोन करणे सगळ्यात चांगले. रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. घरातल्या ज्येष्ठांचा फोन आज हातात घेऊन त्यांच्या आधारला आणि आभाला कोणता क्रमांक जोडला आहे, एवढे तरी पाहून घ्यावे. दवाखान्याच्या रांगेत उभे राहिल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही.