दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत

पुढच्या आठवड्यात आईचं पित्ताशय काढायचंय, दुर्बिणीतून. सर्जन म्हणाले, "छोटी भोकं, एक-दोन दिवसांत घरी." मी सवयीने विचारलं, यात बिघडतं कुठे? "पित्तनलिकेपाशी." म्हणून आजचा एपिसोड.

पित्ताशय पहिल्यांदा काढलं कार्ल लांगेनबुख यांनी, बर्लिनमध्ये, १८८२ साली. पुढची शंभर वर्षं पोट उघडूनच. १९८५मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून काढलं, पण तेव्हा त्यांना कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे.मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी ही शस्त्रक्रिया केली. बघता बघता जगभर हीच पद्धत. आणि पित्तनलिकेच्या इजाही वाढल्या. आधी हजारात एक-दोन, मग साधारण पाच.

आता नीट ऐका. पित्ताशयाची बारीक नळी यकृताकडून येणाऱ्या मुख्य नलिकेला मिळते. बारीक कापायची, मुख्य सांभाळायची. पण सूज असली, पित्ताशय ओढलं गेलं, की दोन्ही एका रेषेत येतात आणि मुख्य नलिकाच बारीक नळी वाटते.

२००३मध्ये लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ इजा तपासल्या. ९७ टक्क्यांच्या मुळाशी होता डोळ्यांचा भास, हाताचं कौशल्य नव्हे. म्हणजे चुकीच्या सर्व्हरवर अगदी बरोबर कमांड चालवायची! आणि भास झालेल्याला चूक कळतच नाही, म्हणून बऱ्याच इजा टेबलावर लक्षातही येत नाहीत.

त्याआधीच, १९९५मध्ये, स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी यावर नियम मांडला होता. नळी आणि यकृत यांच्यामधला त्रिकोण चरबी काढून साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि आत जाताना दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत: एक नळी, एक धमनी. तोवर क्लिप नाही, कात्री नाही. दिसतच नसेल तर? थांबा. डाय घालून एक्स-रे काढा, दुसऱ्या सर्जनला बोलवा, पोट उघडा, नाहीतर पित्ताशयाचा थोडा भाग राहू द्या. पोट उघडलं म्हणजे सर्जन हरला, असं मलाही वाटायचं. तो तर रोलबॅक आहे!

घरी आल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पोट फुगलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर "गॅस असेल" म्हणून बसून राहायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडून" अशी ओळ होती. आई तिथेच अडली. "हे कशाला रे?" मी तिला हा ड्राफ्ट वाचून दाखवला. तिने चष्मा लावला, ओळ पुन्हा वाचली आणि सही केली.