रँडम पेज कॉस्ट
पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या क्वेरी प्लॅनरमधील एक सेटिंग. टेबलाची पाने ओळीने न वाचता मधलेच एखादे पान उचलायचे, तर किती खर्च धरायचा हे त्यावरून ठरते. ओळीने वाचलेल्या पानाची किंमत १, तर रँडम पानाची मूळ किंमत ४ असते. हे आकडे मिलिसेकंदांचे नव्हेत. किमतीच्या सर्व सेटिंगांना एकाच पटीने वाढवले, तरी प्लॅनरची निवड तीच राहते. महत्त्व प्रमाणाला आहे.

खर्चाचा अंदाज बांधून प्लॅन निवडण्याची रीत आयबीएमच्या सिस्टम आर प्रकल्पात रुजली. पॅट्रिशिया सेलिंगर व सहकाऱ्यांचा १९७९ चा निबंध तिचा पाया मानला जातो.

४ हा आकडा वरवर चुकीचा वाटतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवा तो भाग हेडखाली येण्यातच सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक जातात, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. म्हणजे खरी तफावत चौपटीच्या कितीतरी पुढे. अधिकृत दस्तऐवजात याचा उलगडा आहे : रँडम वाचन ४० पट महाग, पण त्यातली ९० टक्के पाने आधीच कॅशमध्ये असतील असे धरलेले आहे. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हे गणित मोडते, आणि तिथे १.१ सारखी किंमत सुचवली जाते.

फरक मोठा पडतो. १०,००० पानांचे, १० लाख ओळींचे टेबल घ्या. ते पूर्ण वाचून एक साधी अट तपासण्याचा खर्च पानांचे १०,०००, ओळींचे १०,००० आणि अटीचे २,५०० असा २२,५०० होतो. इंडेक्सने गेल्यास विखुरलेली ६,००० पाने लागत असतील, तर ४ च्या दराने नुसत्या पानांचे २४,००० होतात आणि इंडेक्स नाकारला जातो. १.१ च्या दराने तेच ६,६०० वर येतात. (बिटमॅप स्कॅन व समांतर वाचन येथे वगळले आहे.)

तरीही १.१ डोळे झाकून लावू नये. क्लाउडवरची डिस्क बहुधा नेटवर्कपलीकडे असते, तिचा प्रतिसाद सर्व्हरमधल्या एनव्हीएमईसारखा नसतो. जुन्या व नव्या डिस्का एकत्र असतील तर टेबलस्पेसनिहाय वेगळी किंमत देता येते. इफेक्टिव्ह कॅश साइझ हे जोडसेटिंगही पाहावे. ते मेमरी राखून ठेवत नाही, फक्त प्लॅनरला अंदाज देते.

सर्वांत घातक चूक म्हणजे ओळींचा अंदाज फसलेला असताना किमती फिरवत बसणे. तिथे अॅनालाइझ चालवावे. स्तंभ परस्परांवर अवलंबून असतील तर आवृत्ती १० पासून मिळणारी विस्तारित सांख्यिकी तयार करावी. किंमत बदलायचीच, तर आधी एका सेशनपुरती सेट करून नेहमीच्या अनेक क्वेरींचे एक्सप्लेन अॅनालाइझ, बफर्ससह, थंड आणि भरलेल्या अशा दोन्ही कॅशवर ताडून पाहावे.