मूठभर जोंधळ्यासाठी शर्यत

ऊठ. साल १९२९, माघातली पहाट, आणि तू बारा वर्षांचा आहेस. अंगाखाली घोंगडी, अंगावर घोंगडी. डावीकडे मराठ्याचा पोरगा झोपलाय, उजवीकडे महारवाड्यातून आलेला, त्याच्या पलीकडे मुसलमानाचा. अंधारात अजिंक्यतारा किल्ल्याची कड अजून आभाळापासून सुटलेली नाही. साताऱ्यातली ही धनिणीची बाग, आणि हे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. हे नाव गांधीजींनी २५ फेब्रुवारी १९२७ ला दिलं. मोठी पोरं ती गोष्ट अजून रंगवून सांगतात.

गार पाण्यानं तोंड धू आणि पोरांच्या रांगेत उभा राहा. आधी जोर, मग बैठका. अण्णांना, म्हणजे भाऊराव पाटलांना, लेचंपेचं अंग खपत नाही. कोल्हापुरात शिकताना ते स्वतः कुस्ती खेळलेले. छाती रुंद, आवाज खणखणीत, अंगात खादी. ते जवळून जातात तेव्हा तू आपोआप दोन बैठका जास्त मारतोस.

घाम पुसला की कामाला लागायचं. कुणी पाणी शेंदतो, कुणी लाकडं फोडतो, कुणी वाफ्यातलं तण काढतो. आज भाकरीची पाळी तुझी आहे. गावी आईनं तुला चुलीपुढे कधी बसू दिलं नसेल. इथे पीठ मळताना मनगट दुखतं, पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटते, चौथी मात्र टम्म फुगते आणि पोरं ओरडतात. मग सगळे एका पंगतीला बसतात. ज्यांच्या घरच्यांना गावात एका पाणवठ्यावर पाणी भरता येत नाही, ती पोरं इथे एकाच टोपल्यातली भाकरी मोडतात. अण्णांनी १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती याचसाठी, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह मांडलं तेही याचसाठी.

आज सुट्टी, म्हणून मुठीचं धान्य गोळा करायला जायचंय. बाया पहाटे जात्यावर बसतात, तेव्हा दळणातली एक मूठ बोर्डिंगच्या पोरांसाठी मडक्यात टाकतात. तू झोळी घेऊन एका दारात उभा राहतोस.

“कुनाचा रं तू?”

“बोर्डिंगातला, आज्जे.”

“भाऊराव अण्णांचा व्हय? ये की आत. माझ्या बापूला न्हाई जमलं, तू तरी शीक.”

मडकं तुझ्या झोळीत रितं होतं. आत बघ: म्हातारीच्या स्वतःच्या कणगीत जोंधळा तळाला गेलाय. तरी तिनं रोजची मूठ चुकवलेली नाही. तिच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नाही, आणि तू शिकावंस म्हणून ती आपल्या भाकरीतला घास काढून ठेवते.

चार गल्ल्या फिरल्यावर पोती भरतात, आणि मग खरा खेळ सुरू होतो. वेशीपासून बागेपर्यंत पोतं खांद्यावर घेऊन आधी कोण पोचतो? पहाटेच्या बैठका आता कामाला येतात. मांड्या भरून येतात, मानेवर जोंधळ्याची कूस टोचते, पाठीमागून पावलं जवळ येतात. वाटेत महारवाड्यातला तुझा सोबती ठेचकाळतो. तू थांबतोस, त्याच्या पोत्याला हात लावतोस आणि दोघं मिळून पळता. पहिला नंबर जातो. दारात कुणी तुमचा नंबर विचारत नाही. पोतं उतरवायला चार हात पुढे येतात.

धान्य मोजून घ्यायला वहिनी उभ्या आहेत. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पोरांच्या पोटासाठी त्यांनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा विकायला काढलं. त्या तुझ्या खांद्यावरची धूळ झटकतात आणि म्हणतात, “दमलास रे? आधी पाणी पी.” पुढच्याच वर्षी त्या जाणार आहेत, हे या घडीला फक्त तुला ठाऊक आहे. म्हणून पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या पाया पड.

आता वर्षं भराभर पुढे जाऊ देत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभं राहतं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होतात आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. काम करत शिकण्याची इथली ‘कमवा आणि शिका’ योजना आजही कॉलेजांतून चालू आहे. या साऱ्याच्या मुळाशी म्हातारीची मूठ आहे, आणि पोरांच्या खांद्यावरून धावत आलेली पोतीही.

आज शाळा-कॉलेजांची पोरं मदतनिधीसाठी धावतात, सामने भरवतात. मला त्यांचा मनापासून अभिमान वाटतो. साताऱ्याच्या त्या शर्यतीकडून त्यांनी एक गोष्ट जरूर घ्यावी. तिथे धावणारा वेगळा आणि गरजू वेगळा नव्हता. ज्याच्यासाठी धान्य होतं तोच ते वाहत होता, आणि देणारीही त्याच्याइतकीच गरीब होती. त्यामुळे कुणाची मान खाली गेली नाही. म्हणून खेळाडूंनो, ज्यांच्यासाठी निधी गोळा करता, त्या पोरांना बक्षीस समारंभात पाहुणे म्हणून बसवू नका. त्यांना संघात घ्या, त्यांच्या हाती चेंडू द्या आणि सामना संपला की एका पंगतीला बसून जेवा.