१२ जुलैला ही गाडी कुठे होती? जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधीचा पहिला प्रश्न

हेडफोन लावलेत? चला, आज जरा गाडी काढू. गाडी जुनी आहे आणि रस्ता पानशेतचा आहे. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये गाडी खरेदी कुठून आली, असं वाटेल. पण शेवटपर्यंत ऐका.

झालं असं, की आपल्या एका श्रोत्याचा मेसेज आला. वय सत्तावीस. "दादा, चार वर्षं पैसे साठवलेत. जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीये. दोन गाड्या बघितल्यात. सगळ्यात आधी काय बघू? इंजिन, रंग, किंमत की मॉडेल?" पहिली गाडी पुण्यातली, लालभडक एमजी, दोन सीटची, उघड्या टपाची. दुसरी पानशेतजवळ एका शेडमध्ये उभी असलेली स्टँडर्ड हेरल्ड, धुळीने भरलेली. त्याचे आजोबा एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते आणि त्या डॉक्टरांची गाडी हेरल्डच होती. म्हणजे मन हेरल्डकडे, डोळे एमजीकडे. मी म्हटलं, थांब, मी येतो बरोबर.

दोन्ही गाड्या बघण्याआधी थोडं मागे जाऊ. साल १९६१.

त्या वर्षी मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वारने ई-टाइप दाखवली. आजही जगातल्या सुंदर गाड्यांची यादी निघाली की तिचं नाव वर असतं. त्याच वर्षी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने भारतात हेरल्ड आणली. आणि त्याच वर्षी, १२ जुलैला, बुधवारी सकाळी, पानशेतचं धरण फुटलं.

पुणेकरांना हे सांगायला नको. पण नांदेड, कोल्हापूर, नागपूरहून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वेल्हे तालुक्यात आंबी नदीवर मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरं झालेलं नव्हतं, तरी पाणी अडवलं होतं. धरण खचायला लागलं, तेव्हा जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायचा प्रयत्न केला. नाही वाचलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं आणि ब्रिटिशांच्या काळातलं ते दगडी धरणही फुटलं. मग मुठा शहरात शिरली. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, डेक्कन असा नदीकाठचा सगळा भाग पाण्याखाली. पाणी ओसरलं, पण गाळ राहिला. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या उभ्या राहिल्या. जुनी माणसं आजही "पुराच्या आधी" आणि "पुरानंतर" असाच काळ मोजतात.

आता विचार करा. त्या बुधवारी नदीकाठच्या वाड्यांत आणि बंगल्यांत गाड्याही होत्याच की. फारशा नसतील, पण होत्या. त्यांचं काय झालं?

गाडी धुता येते, सीट बदलता येतात, इंजिन उघडून साफ करता येतं. पण जुन्या गाड्यांची चासी बऱ्याचदा पोकळ चौकोनी पट्ट्यांची असते. पाणी आत शिरतं, त्याबरोबर बारीक गाळ शिरतो. पाणी निघून जातं, गाळ आतच बसतो. आणि गाळ ओल धरतो. मग गंज आतून बाहेर यायला लागतो. बाहेरून रंग चकाचक, आत पत्रा भुसभुशीत. दहा-वीस वर्षं काही कळत नाही. एक दिवस जॅक लावला की जॅक पत्र्यातून वर येतो!

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरला. पुण्यातली, १९६१ च्या आधीची गाडी असेल, तर मालकाला विचारायचं: १२ जुलैला ही गाडी कुठे होती?

एमजीच्या मालकांना आम्ही तो विचारला. ते हसले. म्हणाले, "अहो, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता." बरोबर आहे. पण गाडीचा झाला होता ना! ही एमजी टीडी मॉडेलची, म्हणजे १९५० च्या आसपासची. या गाडीच्या पत्र्याखाली ॲशच्या लाकडाचा सांगाडा असतो. लोखंड गंजतं, लाकूड कुजतं, म्हणजे ओलीचा त्रास दुप्पट. आम्ही खिशातून फ्रिजवरचा साधा मॅग्नेट काढला आणि त्याला पातळ कापड गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. दरवाज्याच्या खालच्या भागात तो चिकटेचना. म्हणजे तिथे पत्रा कमी, पुट्टी जास्त. मग बॉनेट उघडलं. टीडीचं मूळ इंजिन १२५० सीसीचं, त्याचा नंबर एक्सपॅग या अक्षरांनी सुरू होतो. इथे इंजिनच दुसऱ्या गाडीचं. "पळतं मस्त," मालक म्हणाले. पळत असेलही. मग कागद मागितले. पहिल्या मालकापासून मधल्या तीन मालकांपर्यंतचा काहीच पत्ता नाही. चासी नंबरच्या पट्टीचे रिव्हेट नवेकोरे.

मी त्या मालकांना खोटं म्हणत नाही. कदाचित त्यांनाही कोणी तशीच विकली असेल. पुराचं पाणी त्या गाडीने पाहिलं की नाही, हेही मी सांगू शकत नाही. मुद्दा हाच आहे, की कोणीच सांगू शकत नाही.

इथे एक जण म्हणेल, दादा, सत्तर वर्षांच्या गाडीचे भाग बदलणारच. सगळं मूळ कुठून असणार? एकदम बरोबर. हाच वाद एकदा थेट इंग्लंडच्या कोर्टात गेला होता.

बेंटली कंपनीची एक रेसिंग कार होती, टोपणनाव ओल्ड नंबर वन. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिने फ्रान्समधली ले मां ही चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे ती रेसिंगसाठी पुन्हा पुन्हा बदलली गेली. इंजिन, बॉडी, चासी, बरंच काही. अनेक वर्षांनी तिचा सौदा ठरला, सुमारे एक कोटी पौंडांचा. आणि घेणाऱ्याने माघार घेतली. म्हणाला, ही ती गाडी नव्हेच, जुनं काही उरलंच नाही. १९९० मध्ये निकाल लागला विकणाऱ्याच्या बाजूने. कोर्टाने साधारण असं धरलं, की भाग बदलले असले तरी ही गाडी सलग अस्तित्वात राहिली. मध्ये कुठे तुटून ती दुसरी गाडी झाली नाही. म्हणून नाव तिचंच.

बघा, किती मोठी गोष्ट आहे! सुटे भाग बदलले तर चालतं. कहाणीत खंड पडला तर चालत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. त्यात लोखंड आणि रबर किती रुपयांचं? पैसे मोजले ते एका चासी नंबरसाठी आणि तो नंबर कोणत्या शर्यतीत कोणाच्या हातात होता, या नोंदींसाठी.

आपल्याकडे हे आणखी महत्त्वाचं, कारण आपल्याकडे स्पोर्ट्स कार होत्याच किती? मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं, की नुसते भाग आणून जोडायचे नाहीत, इथे बनवायचे. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघेही गेले. उरल्या मुख्यतः ॲम्बॅसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, आणि स्टँडर्ड. सगळ्या घरगुती गाड्या. वेगाची हौस असणाऱ्याने करायचं काय?

एक उत्तर पुण्यातच सापडतं. सायरस पूनावाला, हो, सिरम इन्स्टिट्यूटवाले. विशीच्या आसपास त्यांनी एका शाळासोबत्याबरोबर जग्वार डी-टाइपच्या धर्तीवर एक स्पोर्ट्स कार बनवली होती. डी-टाइप म्हणजे १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ले मां जिंकणारी गाडी. यांची नक्कल साधारण १२० डॉलरमध्ये झाली, असं त्यांच्याविषयी लिहिलं गेलंय. पण ती गाडी धंदा म्हणून काढायची तर फार मोठं भांडवल लागणार होतं. त्यांनी तो नाद सोडला आणि १९६६ मध्ये सिरम काढली. गाडी आवडणं वेगळं आणि ती पेलणं वेगळं, हे त्यांनी वेळेत ओळखलं. आपल्या सत्तावीस वर्षांच्या मित्राला मी हीच गोष्ट सांगितली, पानशेतला जाताना.

खडकवासला मागे टाकला, सिंहगड डावीकडे राहिला. पाऊस नुकताच थांबलेला, धरण भरलेलं. फुटलेलं पानशेत पुढे पुन्हा बांधलं गेलं आणि आज पुणं त्याचं पाणी पितं. धरणाच्या वरच्या अंगाला, उतारावर ती शेड. तिथे एक काका उभे होते. गाडी त्यांच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात पुण्यातून घेतली होती.

पानशेतची गाडी म्हटल्यावर मित्र आधीच घाबरला होता. पण नकाशा बघा. पूर धरणाखाली गेला, पुण्याकडे. ही जागा त्याच्या वर. आणि ही हेरल्ड पुरानंतरच्या वर्षांतली. म्हणजे नावात पानशेत असूनही पानशेतच्या पुराशी तिचा संबंध नाही! मावळातल्या पावसाने मात्र तिला सोडलेलं नव्हतं.

हेरल्ड काही स्पोर्ट्स कार नव्हे, हे आधी कबूल करतो. पण इंग्लंडमध्ये ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची स्पोर्ट्स कार काढली, ती हेरल्डच्याच चासीवरून बेतलेली. दोन्हींचं डिझाइन इटलीच्या मिकेलॉटी यांचं. आणि हेरल्डची एक गंमत ऐका. त्या वेळी स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्खी बॉडी बनवून देणारा कारखानाच हातात राहिला नव्हता. नेहमीचा पुरवठादार प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला होता. मग त्यांनी बॉडी तुकड्यातुकड्यांत बनवली आणि बोल्टने वेगळ्या चासीवर जोडली. कंपनीची ती अडचण होती, आज जुनी गाडी घेणाऱ्याचा तो फायदा आहे. एक तुकडा गंजला तर तेवढाच सोडवता येतो. अख्खं बॉनेट पुढे कलतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं मिळतं.

काकांनी बॉनेट कलवलं. आत ९४८ सीसीचं मूळ इंजिन, जाम झालेलं. चासीच्या बाजूचे दोन आडवे हात गंजलेले, पण उघड दिसणारे. मधला कणा ठोकून बघितला, आवाज भरीव आला. मग काकांनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यात जुनं आरसी बुक, कराच्या पावत्या, टायर घेतल्याचं एक बिल, आणि एक फोटो. फोटोत याच गाडीसमोर चार पोरं उभी आहेत. चासी नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला. मित्र इंजिनकडे बघतच नव्हता आता. तो त्या फोटोकडे बघत होता.

कायदाही आता याच बाजूचा आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची "व्हिंटेज" म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नको. आणि अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. त्यामुळे पैसे देण्याआधी स्वतःला विचारा, मला गाडी चालवायचीये की सांभाळायचीये? दोन्हीची उत्तरं वेगळी, कागदही वेगळे.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या क्रमाने. आधी कागद आणि नंबर. मग चासी आणि गंज, तेही अंगावर जुने कपडे घालून, गाडीखाली झोपून. मग मूळ भाग किती उरलेत आणि नसलेले कुठे मिळतील. मग मिस्त्री. तुझ्या गावात ही गाडी उघडून परत जोडणारा माणूस आहे का? त्यानंतर इंजिन, कारण लोखंडाचं इंजिन बहुतेक वेळा पुन्हा बांधता येतं. सगळ्यात शेवटी रंग. आपण सगळे नेमकं उलटं करतो. रंगापासून सुरू करतो आणि कागदांपर्यंत पोचतो तेव्हा ॲडव्हान्स देऊन झालेला असतो.

त्याने एमजीला नाही म्हटलं. वाईट वाटलं त्याला, गाडी खरंच देखणी होती. हेरल्डच्या काकांशी बोलणी चालू आहेत. काकांची एकच अट आहे, फोटो गाडीबरोबर जाईल, पण त्याची एक कॉपी त्यांना हवी.

तुमच्या घरी जुनी गाडी असेल, नाही तर नुसतं आरसी बुक असेल, तर घरातल्या मोठ्यांना बसवून विचारा. कोणी घेतली, कुठून आणली, पुराच्या वेळी कुठे होती. व्हॉइस नोट करून ठेवा आणि आम्हालाही पाठवा. पुढच्या भागात काहींच्या आठवणी नक्की ऐकवू. तोवर गाडी सावकाश चालवा. भेटूच!